घरचा गेम सर्व्हर: घरात चालतो, बाहेरून ‘कनेक्शन टाइम्ड आउट’

नवा_खिळा
मंडळी, माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचा सर्व्हर एका जुन्या डेस्कटॉपवर बसवला आहे. विंडोज, ८ जीबी रॅम, राउटरला केबलने जोडलेला. घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपवरून १९२.१६८.०.५० हा पत्ता टाकला की लगेच आत जाता येतं. बाहेरच्या मित्रांना मात्र बराच वेळ वाट बघून ‘कनेक्शन टाइम्ड आउट’.

आतापर्यंत केलेलं: राउटरवर २५५६५ पोर्ट फॉरवर्ड केलं (बाहेरून त्या क्रमांकावर येणारं सर्व्हरकडे वळवलं), टीसीपी आणि यूडीपी हे डेटा पाठवण्याचे दोन्ही प्रकार. विंडोज फायरवॉल पूर्ण बंद केली. डीएमझेडही लावून पाहिलं. ‘माझा आयपी काय’ छाप साइटवर दिसणारा पत्ता मित्रांना दिला. तोच पत्ता घरातून टाकला तरी लागत नाही.

रचना अशी: इंटरनेट कंपनीचा फायबरचा डबा, त्याला जोडलेला स्वतःचा राउटर, राउटरला सर्व्हर. चुकतंय कुठे?

कडीकोयंडा
आधी फायरवॉल चालू करा आणि डीएमझेड काढा. दोन्हींनी काही साधलेलं नाही, उलट सर्व्हरचं मशीन उघड्यावर ठेवलंत. डीएमझेड म्हणजे ज्या पोर्टांना वेगळा नियम नाही ती सगळी त्या एका मशीनकडे ढकलणं. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा प्रकार आहे हा.

आता पद्धत. एकाच वेळी चार ठिकाणी बदल केले की कोणत्या बदलाने काय झालं ते कळत नाही. पॅकेटला (डेटाच्या तुकड्याला) वाटेत चार दारं लागतात: गेमचा प्रोग्राम, मशीनची फायरवॉल, तुमचा राउटर, कंपनीचं जाळं. आतून बाहेर जात एकेक दार तपासायचं. आतलं दार पक्कं झाल्याशिवाय बाहेरच्याला हात लावायचा नाही.

पहिलं दार. सर्व्हर चालू असताना त्याच मशीनवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेटस्टॅट -एएनओ’ चालवा. २५५६५ समोर ‘लिसनिंग’ हवं आणि डावीकडचा पत्ता ०.०.०.० किंवा दोन चौकोनी कंसांत दोन अपूर्णविरामचिन्हं असा हवा. तिथे १२७.०.०.१ असेल तर सर्व्हर फक्त स्वतःशीच बोलतोय. सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज फाइलमध्ये ‘सर्व्हर-आयपी’ची ओळ रिकामीच ठेवायची. अनेक जण तिथे बाहेरचा पत्ता लिहितात. तो पत्ता त्या मशीनचा नसतोच, त्यामुळे सर्व्हर ‘फेल्ड टू बाइंड टू पोर्ट’ म्हणून बंद पडतो.

दुसरं दार. तुमच्या लॅपटॉपवरून जोडणी होतेय, पण फायरवॉल बंद असताना झालेली चाचणी धरायची नाही. फायरवॉल चालू करून पुन्हा बघा.

तिसरं दार. राउटरच्या स्टेटस पानावर ‘वॅन’ (राउटरची बाहेरची बाजू) किंवा ‘इंटरनेट’ या शीर्षकाखाली जो आयपी दिसतो तो बघा आणि साइटवर दिसणाऱ्या आयपीशी ताडून पाहा. सारखे आहेत का, एवढंच सांगा. सारखे नसतील तर तुमच्या राउटरवर कितीही पोर्टं उघडलीत तरी उपयोग शून्य.

आणि घरातून बाहेरचा पत्ता टाकून केलेली चाचणी बाद. त्यासाठी राउटरला हेअरपिन नॅट जमावं लागतं, म्हणजे आतून निघालेलं पॅकेट स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्यावर पाठवून परत आत वळवणं. (नॅट: घरातल्या अनेक मशीनांना बाहेरच्या एकाच पत्त्यामागून चालवणं.) बऱ्याच घरगुती राउटरांना ते येत नाही. चाचणी मोबाइलचं वायफाय बंद करून, मोबाइल डेटावरून करा.

सुतळी
+१. माइनक्राफ्ट जावाला यूडीपी लागत नाही, फक्त टीसीपी २५५६५. यूडीपी लागतं ते ‘एनेबल-क्वेरी’ चालू केलं तर. बेडरॉक आवृत्ती याच्या उलट: तिथे यूडीपी १९१३२, टीसीपी नाही. ‘दोन्ही उघडून टाकू, काय फरक पडतो’ ही सवय सोडा. कोणतं पोर्ट कशासाठी उघडलं हे सहा महिन्यांनी आपल्यालाच आठवत नाही.

राउटरच्या फॉर्ममध्ये ‘सोर्स पोर्ट’ असा रकाना असेल तर तिथे २५५६५ भरलं नाहीत ना? तो रिकामा किंवा ‘एनी’ ठेवायचा. खेळाडूचं मशीन स्वतःकडचं पोर्ट दर वेळी वेगळं निवडतं; २५५६५ असतं ते पोहोचण्याचं, म्हणजे डेस्टिनेशन. सोर्समध्ये २५५६५ लिहिलं की नियम दिसायला बरोबर दिसतो आणि कधीच लागू होत नाही. पीएफसेन्स, ओपीएनसेन्स ही राउटर-फायरवॉलची सॉफ्टवेअरं वापरणाऱ्यांकडून ही चूक फार होते. तिथे दुसरीही एक गंमत आहे: नॅट आधी होतं, फायरवॉलचा नियम नंतर तपासला जातो. म्हणून फायरवॉलच्या नियमात पोहोचण्याचा पत्ता सर्व्हरचा आतला पत्ता हवा, वॅनचा नव्हे.

तळटीप
एक भर घालतो, कारण बहुतेक मार्गदर्शकांत हे चुकीचं लिहिलेलं असतं. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर पॅकेट मशीनपर्यंत पोहोचलंय पण तिथे ऐकणारं कोणी नाही; ‘टाइम्ड आउट’ आलं तर वाटेत कोणीतरी पॅकेट गुपचूप टाकून दिलंय. हे लिनक्सबाबत बरोबर आहे. विंडोजची फायरवॉल चालू असेल तर तिचा ‘स्टेल्थ’ प्रकार बंद पोर्टावरचं नकाराचं उत्तरही बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे सर्व्हर बंद पडलेला असला तरी बाहेरच्याला टाइम्ड आउटच दिसेल. विंडोजवर निव्वळ या संदेशावरून निष्कर्ष काढू नका, आधी नेटस्टॅट.

पोर्ट तपासणाऱ्या साइट्सचंही तेच. सर्व्हर चालू नसताना तपासलं तर पोर्ट ‘बंद’च दिसणार. पोर्ट म्हणजे भिंतीतलं भोक नाही, पलीकडे कोणी बसलेलं असेल तरच ते उघडं.

कडीकोयंडा
@तळटीप, बरोबर. आणि विंडोजची आणखी एक खोड. सर्व्हर पहिल्यांदा चालू केला की फायरवॉल खिडकी उघडून परवानगी विचारते. तिथे ‘कॅन्सल’ दाबलं तर ती नुसती निघून जात नाही, त्या जावा प्रोग्रामसाठी ‘ब्लॉक’ नियम तयार करून ठेवते. नंतर तुम्ही २५५६५ साठी ‘अलाउ’ नियम केलात तरी विंडोजमध्ये ब्लॉक हा अलाउपेक्षा वरचढ. ‘डब्ल्यूएफ डॉट एमएससी’ उघडा, ‘इनबाउंड रूल्स’मध्ये जावाच्या नावाने लाल चिन्हाचे नियम शोधा आणि काढून टाका. मग नवा नियम: पोर्ट, टीसीपी, २५५६५, अलाउ.

प्रोफाइलही बघा. नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणून नोंदलेलं असेल आणि नियम फक्त ‘प्रायव्हेट’ला लावला असेल तर तो तिथे लागू होत नाही. राउटर बदलला की विंडोज त्याला नवं नेटवर्क समजते आणि बऱ्याचदा पब्लिकमध्ये टाकते. काल चालणारा सर्व्हर आज अचानक बंद होण्याचं हे एक नेहमीचं कारण.

नवा_खिळा
धन्यवाद. डीएमझेड काढलं, फायरवॉल चालू. जावाचे दोन लाल नियम खरंच होते, काढले. नेटस्टॅटमध्ये लिसनिंग आहे, पत्ता ०.०.०.०. लॅपटॉपवरून फायरवॉल चालू असतानाही जोडणी होते. राउटरच्या वॅनवर १९२.१६८.१.२ दिसतंय. साइटवर वेगळाच पत्ता.

सुतळी
सापडलं अर्धं. १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता खाजगी असतो. १० ने सुरू होणारे सगळे आणि १७२.१६ ते १७२.३१ हेही तसेच. तुमच्या राउटरला कंपनीच्या डब्याने आतला पत्ता दिलाय, म्हणजे तो डबासुद्धा राउटरच आहे. एकामागे एक दोन नॅट. बाहेरून आलेलं पॅकेट पहिल्या डब्यावरच थांबतं, त्याला पुढे कुठे जायचं ते कोणी सांगितलेलंच नाही.

उपाय तीन, माझ्या पसंतीच्या क्रमाने.

कंपनीचा डबा ब्रिज मोडमध्ये टाकायचा. मग तो फक्त फायबरचं रूपांतर करतो आणि बाहेरचा पत्ता थेट तुमच्या राउटरला मिळतो. जोडणी पीपीपीओईची (लॉगिन करून जोडायची) असेल तर त्याचं युजरनेम-पासवर्ड तुमच्या राउटरमध्ये भरावं लागेल आणि काही ठिकाणी व्हीलॅनचा (एकाच तारेवरच्या वेगळ्या आभासी जाळ्याचा) क्रमांकही. हे आधी मागून घ्या, मगच ब्रिज करा. नाहीतर इंटरनेटही गेलं आणि विचारायला वाटही राहिली नाही, अशी अवस्था. पीपीपीओईवर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) सहसा १४९२ असतो, १५०० नाही.

नाहीतर स्वतःच्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका आणि पोर्ट फॉरवर्ड कंपनीच्या डब्यावर करा. सोपं आहे, पण त्या डब्याच्या फायरवॉलवर तुमचा ताबा किती, हा प्रश्न राहतो.

तिसरा: दोन्हीकडे फॉरवर्ड. कंपनीच्या डब्यावर २५५६५ हे १९२.१६८.१.२ कडे, तुमच्या राउटरवर २५५६५ हे १९२.१६८.०.५० कडे. चालतं. फक्त दोन्ही पत्ते कायमचे बांधून ठेवा, नाहीतर एक बदलला की साखळी तुटली.

आणि सर्व्हरचा .५० हा पत्ता तुम्ही विंडोजमध्ये हाताने भरलाय की राउटरच्या डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटण्याची सोय) आरक्षणात मॅक पत्त्यासमोर (मशीनच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक) बांधलाय? आरक्षण बरं. हाताने भरायचा असेल तर तो डीएचसीपीच्या वाटपाच्या पट्ट्याबाहेरचा हवा. पट्टा .२ ते .२५४ असेल आणि तुम्ही .५० हाताने घेतलात, तर कधीतरी राउटर तोच पत्ता एखाद्या फोनला देतो आणि सर्व्हर मधूनच गायब होऊ लागतो.

उंबरठा
कंपनीच्या डब्यात शिरण्याआधी एक गोष्ट तपासा, नाहीतर मेहनत वाया जाईल. त्या डब्याच्या वॅनवर काय पत्ता आहे? १००.६४ ते १००.१२७ यांमधला असेल तर पुढे सीजीनॅट, म्हणजे कंपनीचंच नॅट आहे. आयपीव्ही४चे (नेहमीच्या चार आकड्यांचे) पत्ते संपत आले म्हणून हा पट्टा २०१२ साली खास यासाठी राखून ठेवला गेला. शेकडो ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे, आणि त्या नॅटवर पोर्ट उघडणं तुमच्या हातात नसतं.

नवा_खिळा
डब्याच्या वॅनवर १००.८१ ने सुरू होणारा पत्ता आहे. म्हणजे संपलंच का?

उंबरठा
संपलं नाही, वाट बदलली. पोर्ट फॉरवर्डिंग विसरा. दोन्ही राउटरांवरचे फॉरवर्डचे नियम काढून टाका. निरुपयोगी उघडं दार ठेवू नये. उद्या कंपनीने सार्वजनिक पत्ता दिला तर ते नियम त्याच क्षणी जिवंत होतात, आणि तेव्हा तिथे काय चालू असेल कोणाला ठाऊक.

तळटीप
सीजीनॅटची खूण पाहताना एक गफलत होते: टेलस्केल (खाजगी जाळं बनवणारा प्रोग्राम) आपल्या मशीनांना याच १००.६४ च्या पट्ट्यातले पत्ते देतं. मशीनवर १००ने सुरू होणारा पत्ता दिसला म्हणून घाबरू नका. बघायचा तो राउटरच्या वॅनवरचा.

कडीकोयंडा
सीजीनॅटमागून सर्व्हर चालवायच्या चार वाटा आहेत. सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न दर महिन्याला कोणीतरी विचारतंच.

पहिली, कंपनीकडे सार्वजनिक आयपी मागा. तो स्थिर असायलाच हवा असं नाही, बदलता चालेल. बदलत्यासाठी डायनॅमिक डीएनएस आहे, म्हणजे बदलत्या पत्त्याला एकच नाव चिकटवून ठेवणं. बोलताना ‘पोर्ट उघडून द्या’ असं म्हणू नका, पलीकडच्याला ते कळत नाही. ‘मला सीजीनॅटमधून काढून सार्वजनिक आयपीव्ही४ द्या’ असं म्हणा.

दुसरी, आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी, लांब पद्धत. तिथे नॅट नाही. घरातल्या प्रत्येक मशीनला स्वतःचा जागतिक पत्ता. कंपनी आयपीव्ही६ देत असेल तर फॉरवर्डऐवजी राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये सर्व्हरच्या पत्त्यासाठी टीसीपी २५५६५ आत येऊ द्यायचं, बस. खाचखळगे मात्र बरेच. विंडोज एकाच वेळी कायमचा आणि तात्पुरता असे दोन पत्ते घेते. नियम कायमच्याला लावा, तात्पुरता बदलत राहतो. नेटची जोडणी तुटून पुन्हा लागली की पत्त्याचा पुढचा भाग बदलू शकतो; ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त मागच्या चौसष्ट बिटांवर जुळणारा नियम लिहिता येतो, तो लिहा. डायनॅमिक डीएनएसचा प्रोग्राम सर्व्हरवर चालवा, राउटरवर नको, कारण इथे नाव सर्व्हरच्या पत्त्याकडे न्यायचंय. त्या नावाला फक्त आयपीव्ही६ची, म्हणजे चार ‘ए’वाली नोंद ठेवा. साधी ‘ए’ नोंदही असली तर जावा आधी आयपीव्ही४ पत्ता उचलू शकतं आणि सीजीनॅटवर जाऊन आपटतं. सर्व्हर सुरू करायच्या ओळीत ‘प्रेफर आयपीव्ही४ स्टॅक’ चालू असेल तर काढा. आणि कुठल्याशा लेखात वाचून आयसीएमपीव्ही६ (आयपीव्ही६ जाळ्याचे आपसातले निरोप) सरसकट अडवू नका. पॅकेट मोठं झाल्याचा निरोप त्याच वाटेने येतो, तो अडला की जोडणी होते पण जग लोड होताना अडकते.

मोठी अट एकच: खेळाडूंकडेही आयपीव्ही६ हवं. पाच मित्रांपैकी एकाकडे नसलं तर तो बाहेरच.

तिसरी, खाजगी जाळं. टेलस्केल किंवा झीरोटियर सगळ्यांच्या मशीनवर बसवायचं. दोन्ही बाजूंनी जोडणी आतून बाहेर निघते, म्हणून नॅट आडवं येत नाही. ओळखीच्या सात-आठ लोकांसाठी माझं मत यालाच. इंटरनेटला एकही पोर्ट उघडं नाही. तोटा: प्रत्येकाला प्रोग्राम बसवावा लागतो आणि गेम कन्सोलवर तो सहसा बसवता येत नाही. थेट जोडणी जमली नाही तर वाहतूक मधल्या रिले सर्व्हरवरून जाते आणि पिंग वाढतो. टेलस्केलच्या स्टेटस कमांडमध्ये ‘डायरेक्ट’ की ‘रिले’ ते दिसतं.

चौथी, भाड्याचा छोटा व्हीपीएस (इंटरनेटवरचं आभासी मशीन) आणि घरापर्यंत वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा. खेळाडू व्हीपीएसच्या पत्त्यावर येतात, तिथून पॅकेट बोगद्यातून घरी. खेळाडूंना काही बसवावं लागत नाही. खालचा सुतळींचा प्रतिसाद बघा, हे काम त्यांचं.

सुतळी
ढकललंत माझ्यावर :) बरं.

व्हीपीएसवर वायरगार्ड यूडीपी ५१८२० वर ऐकतो. बोगद्यातले पत्ते: व्हीपीएस १०.८.०.१, घर १०.८.०.२. हाक घराने मारायची, कारण सीजीनॅटमुळे व्हीपीएसला घर सापडणार नाही. म्हणून घरच्या बाजूच्या कॉन्फिगमध्ये ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद ठेवा. हे विसरलात तर बोगदा सुरुवातीला नीट चालतो, आणि रात्रभर कोणी खेळलं नाही की सकाळी बंद असतो: मधल्या नॅटने नोंद पुसलेली असते. बोगद्याचा एमटीयू वायरगार्ड स्वतः १४२० धरतं. घरची जोडणी पीपीपीओईची असेल तर १४१२ करा.

व्हीपीएसवर तीन गोष्टी: आयपी फॉरवर्डिंग चालू, टीसीपी २५५६५ साठी १०.८.०.२ कडे डीनॅट (आलेलं पॅकेट दुसऱ्या पत्त्याकडे वळवणं), आणि बोगद्याच्या बाजूला मास्करेड (पाठवणाऱ्याच्या जागी व्हीपीएसचा पत्ता लावणं). मास्करेडमुळे परतीची वाट आपोआप बरोबर लागते, पण सर्व्हरला सगळे खेळाडू १०.८.०.१ वरून आलेले दिसतात. तिथे चिडून एकाला आयपीने बॅन केलंत की सगळे बाहेर. नावाने बॅन करा. खरे पत्ते हवेतच असतील तर पेपर या पर्यायी माइनक्राफ्ट सर्व्हरमध्ये ‘प्रॉक्सी प्रोटोकॉल’ची सोय आहे, व्हीपीएसवर डीनॅटऐवजी एचएप्रॉक्सी (जोडणी पुढे पोहोचवणारा प्रोग्राम) ठेवून ती चालू करता येते. एकदा चालू केली की त्या सर्व्हरवर थेट जोडणी होत नाही, घरातूनही नाही, हे लक्षात असू द्या.

व्हीपीएस निवडताना रॅम-प्रोसेसर बघू नका, सगळ्यात लहान पुरतो. बघायचं ते अंतर. खेळाडू ते व्हीपीएस आणि व्हीपीएस ते घर, दोन्ही पिंगांची बेरीज खेळाडूला भोगावी लागते.

व्हीपीएस देणाऱ्याच्या पॅनेलमध्ये वेगळी फायरवॉल असते, तीही उघडावी लागते. हे पाचवं दार. लोक मशीनमधले नियम तासन्‌तास तपासत बसतात आणि हे राहून जातं.

बिनतारी
याच धाग्यात विचारतो, व्हॅलहाइम या गेमचं काय? पोर्ट तपासणाऱ्या साइटवर २४५६ सतत बंद दाखवतंय. माझ्या वॅनवर सार्वजनिक पत्ता आहे, सीजीनॅट नाही. सर्व्हर लिनक्सवर.

तळटीप
त्या साइट्स टीसीपी तपासतात, व्हॅलहाइम यूडीपी वापरतो. त्यामुळे ‘बंद’ दिसणारच, त्यावरून काही ठरत नाही. यूडीपीत हस्तांदोलन नसतं. चुकीच्या भाषेत हाक मारली तर सर्व्हर गप्प बसतो आणि बाहेरून अडवलेलं नि गप्प बसलेलं सारखंच दिसतं.

खात्रीची चाचणी: सर्व्हरवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम) चालवा, यूडीपी २४५६ ची गाळणी लावा, आणि बाहेरच्या मित्राला जोडायला सांगा. पॅकेट दिसलं पण उत्तर गेलं नाही तर दोष मशीनच्या फायरवॉलमध्ये किंवा गेममध्ये. पॅकेट दिसलंच नाही तर राउटर किंवा त्यापलीकडे. (टीसीपीडंप फायरवॉलच्या आधी पॅकेट पाहतो, म्हणून ते दिसलं याचा अर्थ फायरवॉलने आत घेतलं असा नाही.) नाव टीसीपीडंप असलं तरी यूडीपीही पाहतो, हे उगाच सांगतो.

कडीकोयंडा
@बिनतारी, व्हॅलहाइमला २४५६ आणि त्याच्या पुढचं २४५७, दोन्ही यूडीपी. दुसरं स्टीमच्या सर्व्हर यादीच्या चौकशीसाठी. बाहेरचं आणि आतलं पोर्ट सारखंच ठेवा. यादीत सर्व्हर स्वतः ऐकत असलेलं पोर्ट सांगतो, राउटरवर तुम्ही वेगळं दिलंत तर खेळाडू चुकीच्या दारावर जातात. पासवर्ड किमान पाच अक्षरांचा, नाहीतर सर्व्हर सुरूच होत नाही. आणि ‘क्रॉसप्ले’ चालू केलंत तर वाहतूक रिलेमधून जाते, पोर्ट उघडायची गरजच नाही.

नेहमीची इतर पोर्टं: टेरारिया टीसीपी ७७७७, फॅक्टोरियो यूडीपी ३४१९७, पालवर्ल्ड यूडीपी ८२११, सोर्स इंजिनचे खेळ यूडीपी २७०१५.

सुतळी
यूडीपीबाबत एक छुपा सापळा. फॉरवर्डचा नियम बदललात आणि मित्र सतत ‘जोडा’ दाबत राहिला, तर नवा नियम लागू झाल्यासारखा वाटत नाही. राउटर चालू संवादांची नोंद ठेवतो आणि नोंद जिवंत असेपर्यंत जुनाच निर्णय वापरतो. प्रत्येक नव्या पॅकेटने तिचं आयुष्य वाढतं. मित्राला दोन-तीन मिनिटं हात जोडून गप्प बसायला सांगा, किंवा राउटर रीस्टार्ट करा.

बिनतारी
झालं. टीसीपीडंपमध्ये पॅकेट येत होतं, यूएफडब्ल्यू या लिनक्सच्या फायरवॉलमध्ये २४५६ फक्त टीसीपीसाठी उघडलं होतं. आता चालतंय. पुढचा प्रश्न: हाच सर्व्हर डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरात चालवणारी सोय) हलवणार आहे. यूएफडब्ल्यूचे नियम तसेच राहतील ना?

उंबरठा
राहतील, पण डॉकर त्यांना विचारणार नाही. कंटेनरचं पोर्ट प्रकाशित केलं की डॉकर स्वतःचे नॅटचे नियम घालतो आणि वाहतूक यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालून जाते. यूएफडब्ल्यू ‘डिनाय’ दाखवतंय आणि पोर्ट उघडं, असं होतं. जे बाहेर दिसायला नको ते १२७.०.०.१ ला बांधून प्रकाशित करा. गाळणी लावायचीच असेल तर ‘डॉकर-यूजर’ या साखळीत.

हे विशेषतः आरकॉनसाठी, म्हणजे सर्व्हर दुरून चालवण्याच्या कन्सोलसाठी. माइनक्राफ्टचं आरकॉन टीसीपी २५५७५ वर असतं आणि पासवर्ड उघड्या मजकुरात जातो. ते कधीही बाहेर उघडायचं नाही.

टिकटिक
सुरक्षेचा विषय निघालाच आहे तर: पोर्ट २५५६५ ऐवजी ४१ हजार काहीतरी ठेवलं तर पुरेसं लपत नाही का? शिवाय यूपीएनपी (प्रोग्रामने स्वतःच राउटरवर पोर्ट उघडून घेणं) चालू ठेवलं तर हे सगळे नियम हाताने लिहायचीही गरज नाही.

उंबरठा
दोन्हींना नाही. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप हा इंटरनेट स्कॅनर दाखवला: गिगाबिटच्या जोडणीवरून एका मशीनने अख्ख्या आयपीव्ही४ जगात एक पोर्ट ४५ मिनिटांच्या आत तपासता येतं. वेगळ्या पोर्टाने लॉगमधला कचरा कमी होतो, तेवढ्यासाठी जरूर बदला. कुलूप म्हणून नको.

यूपीएनपीत घरातला कुठलाही प्रोग्राम तुम्हाला न विचारता, पासवर्ड न देता राउटरवर पोर्ट उघडू शकतो. त्यात गेम असतो तसा स्वस्तातला कॅमेराही असतो आणि एखादं मालवेअरही.

खरं कुलूप हे: ‘ऑनलाइन-मोड’ चालूच ठेवा. बंद केलंत तर कोणीही तुमच्या ऑपरेटरचं नाव लावून आत येतो आणि सर्व्हर त्याला ऑपरेटर मानतो. ‘व्हाइट-लिस्ट’ आणि ‘एन्फोर्स-व्हाइटलिस्ट’ दोन्ही चालू. दुसरं नसेल तर यादीतून काढलेला माणूस आत असेल तर आतच राहतो. सर्व्हर प्रशासकाच्या खात्याने चालवू नका, त्याच्यापुरतं वेगळं साधं खातं करा. आवृत्ती अद्ययावत ठेवा. डिसेंबर २०२१ मधला लॉग४शेल आठवा, चॅटमध्ये एक ओळ लिहून सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता. माइनक्राफ्टने त्यासाठी १.१८.१ घाईने काढली. व्हाइटलिस्ट असो वा नसो, जुनी आवृत्ती उघड्यावर ठेवायची नाही.

टिकटिक
वाद नाही, पण एकाच घरात दोन कन्सोल असले की यूपीएनपीशिवाय पंचाईत होते. दोघांनाही एकच पोर्ट हवं असतं आणि हाताने ते एकालाच देता येतं.

उंबरठा
मान्य. मग ज्या राउटरवर सोय असेल तिथे यूपीएनपी फक्त त्या दोन पत्त्यांना द्या. ओपनडब्ल्यूआरटी, पीएफसेन्सवर ते करता येतं. आणि सर्व्हरला वेगळ्या व्हीलॅनमध्ये टाका: घरातून सर्व्हरकडे परवानगी, सर्व्हरकडून इंटरनेटकडे परवानगी, सर्व्हरकडून घराकडे नवी जोडणी बंद. सर्व्हर फुटला तरी आग त्याच खोलीत राहते. राउटरला व्हीलॅन जमत नसेल तर गेस्ट नेटवर्क हा गरिबाचा पर्याय, मात्र तिथे बहुधा घरातूनही सर्व्हर दिसत नाही.

नवा_खिळा
सद्यस्थिती: कंपनीने सार्वजनिक आयपी द्यायला नकार दिला. टेलस्केल बसवलं, पाच जण जोडले गेले, चौघांचं ‘डायरेक्ट’. एकाचं ‘रिले’ आहे, पण खेळण्याजोगं. आता वेगळीच तक्रार: संध्याकाळी सगळे आले की ब्लॉक फोडला तरी परत येतो, माणसं मागे उडी मारतात. इंटरनेटचा वेग पुरेसा आहे.

टिकटिक
हा माझा प्रांत. आधी लॅग जाळ्याचा की मशीनचा ते ठरवा. सर्व्हरच्या लॉगमध्ये ‘कान्ट कीप अप’ येतंय का? माइनक्राफ्ट सेकंदाला २० टिक चालवतो, एका टिकला ५० मिलिसेकंद. काम त्यात मावेना आणि सर्व्हर बराच मागे पडला की तो संदेश. तो येत असेल तर राउटरकडे बघूच नका, प्रोसेसर किंवा डिस्क कमी पडतेय.

तसं असेल तर ‘व्ह्यू-डिस्टन्स’ १० वरून ६ करा. एका खेळाडूभोवती सांभाळायचे चंक (जगाचे चौकोनी तुकडे) ४४१ वरून १६९ वर येतात (दुप्पट अधिक एक, त्याचा वर्ग). ‘सिम्युलेशन-डिस्टन्स’ही ६ करा, प्रोसेसरवरचा भार मुख्यतः तिथून कमी होतो. ८ जीबीच्या मशीनवर जावाला ४ जीबी द्या, सगळी देऊ नका. विंडोजला जागा उरली नाही की ती डिस्कवर अदलाबदल करू लागते आणि ते सगळ्यात वाईट.

संदेश येत नसेल तर अपलोड बघा. घरचं अपलोड भरलं, म्हणजे कोणाच्या फोनचे फोटो क्लाउडवर चढायला लागले, की राउटरच्या रांगेत गेमची पॅकेटं मागे अडकतात. वेग पुरेसा असून पिंग वाढतो तो असा. एका खिडकीत बाहेर पिंग चालू ठेवा, दुसरीकडे मोठी फाइल अपलोड करा. पिंग २० वरून २००-३०० वर गेला तर रोग सापडला. उपाय: राउटरवर एसक्यूएम (रांग आटोक्यात ठेवणारी सोय), प्रकार केक किंवा एफक्यू-कोडेल, आणि वेग मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के भरायचा. पूर्ण भरला तर रांग पुन्हा कंपनीच्या डब्यात तयार होते आणि एसक्यूएमच्या हातात काही राहत नाही.

नवा_खिळा
‘कान्ट कीप अप’ नाही. पिंग अपलोडच्या वेळी १८ वरून ३४० वर. राउटरमध्ये एसक्यूएम नावाचं काही नाही, ‘क्यूओएस’ आहे आणि त्यात मशीनला प्राधान्य देता येतं.

टिकटिक
प्राधान्य नको, त्या पानावर अपलोडची एकूण मर्यादा घालता येते का बघा. तेवढ्याने अर्धं काम होतं. मोजलेलं अपलोड २० असेल तर १७ घाला आणि पिंगची चाचणी पुन्हा करा. ३० च्या आसपास राहिला तर झालं. नाही राहिला तर १५.

कडीकोयंडा
आणि वीज गेल्यावर मशीन आपोआप चालू व्हावं म्हणून बायोसमध्ये ‘रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस’ चालू करा, विंडोजची झोप बंद करा. जगाचा बॅकअप घेताना सर्व्हर चालू असेल तर आधी ‘सेव्ह-ऑफ’, मग ‘सेव्ह-ऑल फ्लश’, मग फोल्डरची प्रत, शेवटी ‘सेव्ह-ऑन’. शेवटचं विसरलात तर सर्व्हर पुढचं काहीच डिस्कवर लिहीत नाही, आणि ते कळतं पुढच्या वेळी वीज गेल्यावर.

नवा_खिळा
१७ घातलं, पिंग ३४ वर थांबला. ‘सेव्ह-ऑन’ची ओळ बॅकअपच्या बॅच फाइलमध्ये शेवटी टाकली आहे. प्रत घेताना मधेच चूक आली तर ती ओळ चालणारच नाही ना?

तळटीप
बॅच फाइल सहसा चुकीवर थांबत नाही, पुढच्या ओळीवर जाते. तुम्ही स्वतः ‘एक्झिट’ लिहिलं असेल तर थांबते. तरी सर्व्हर रोज पहाटे एकदा रीस्टार्ट होईल असं ठेवा. सुरू होताना सेव्हिंग आपोआप चालूच असतं.